पाटावरचं लोखंड

खोबरेल तेल थंडीत गोठतं. नारळाचं पाणी गोठत नाही. ते वाळतं, आणि वाळलं की चिकटतं.

वणीहून निघालेल्या कोळशाच्या ट्रकावर ताडपत्री असते, तरी रस्त्याकडेच्या कपाशीची बोंडं काळी होतात.

पुष्पा घरी आली की चुलीपाशी जेवते, भिंतीला पाठ लावून. ओसरीवर ताट घेत नाही.

फौजेतल्या उस्तादाचं वाक्य: रिकाम्या हत्याराचा घोडा कधी पाडू नये, आतली सुई तुटते.

मिठाचा डबा उघडा राहिला तर पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं.

अर्जाचा नमुना, रकाना अकरा: सदर शस्त्राचा आजवर गैरवापर झाला आहे काय? असल्यास तपशील.

दसऱ्याला पाटावर मांडलेलं हत्यार, सोनं लुटून माणसं घरी येईपर्यंत, हलवायचं नाही.

*

रकाना अकरात हरिसिंग आडेने ‘नाही’ लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि अर्ज बाजेवर उलटा टाकला.

बाकीचे रकाने कालच भरून झाले होते. शस्त्राचा प्रकार: रिव्हॉल्वर, पॉइंट बत्तीस, सहा गोळ्यांचं. खरेदी: १९९८. हस्तांतराचे कारण: वय झाले, मुलीस देणे आहे. ‘शस्त्राचा प्रकार’ या रकान्यात जागा उरली होती, म्हणून त्याने तिथे आपल्या मनाने एक शब्द जास्तीचा लिहिला होता. पोलादी.

हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की ते वारसाच्या नावावर करता येतं, हे त्याला एका बाबूने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्याने पुष्पाच्या मागे टुमणं लावलं. पुष्पा त्याची एकुलती एक लेक. पोलिसात होती, चंद्रपूरला संरक्षण पथकात. कमरेला सरकारी पिस्तूल, काळं, नव्या जातीचं, ज्याची मूठ फायबरची असते. दोन वर्षं ती फोनवर ‘पाहू’ म्हणत राहिली. या दिवाळीनंतर तिचाच फोन आला.

“येते मी. काय ते एकदाचं करून टाकू.”

हरिसिंगने तांड्यावर चार घरी सांगितलं की पोरगी ऐकली. अर्जासोबत हत्यार चालू असल्याचा दाखला लागतो आणि वारसाची सही लागते, तेवढं झालं की रिव्हॉल्वर पुष्पाचं. मग ती ते प्लास्टिक साहेबाच्या ड्यूटीपुरतं वापरेल, पण घरात, आपल्या नावावर, आपल्या बापाचं लोखंड असेल. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्याला द्यावी अशी त्याच्यापाशी ही एकच वस्तू होती. शेत होतं, पण शेत काय सगळ्यांपाशीच असतं.

*

सकाळी राळेगावच्या एसटीतून उतरून पुष्पा तांड्यावर चालत आली. साध्या कपड्यात होती. पाठीवर एक बॅग.

“तुहं फायबर कुठी हाय?” हरिसिंगने पहिला प्रश्न हाच विचारला.

“जमा करून आले. सुट्टीत घरी नसते आणायचं.”

“आणून बी काय करतीस. जत्रेत फुगे फोडाची बंदूक त्याच्यापरीस जड असते.”

पुष्पा हसली नाही, रागावलीही नाही. चपला काढून ती थेट आत चुलीपाशी गेली. आई, बसंतीबाई, भाकरी थापत होती. पोरगी तिच्या बाजूला भिंतीला टेकून बसली.

मागच्या वर्षी पुष्पा ड्यूटीवरून जाता जाता वर्दीत घरी आली होती, तेव्हा हरिसिंगने तिचं पिस्तूल हातावर तोलून पाहिलं होतं. गोळ्या काढून तिनेच दिलं. त्याने ते बोटाने ठोकलं, कानाशी नेलं आणि म्हणाला, “आत डाळ-भात हाय का? डब्यावाणी वाजते.” ओसरीवर बसलेले सगळे हसले होते. मग त्याने आपलं आणलं. फडक्यातून काढलेलं ते निळसर काळं लोखंड, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीवर सव्वीस वर्षांच्या तळहाताने आणलेली चकाकी. सगळ्यांच्या हातावरून फिरवलं आणि सांगितलं, की पहा, हे हातात आलं की थंड लागते अन् मग हातासारखंच गरम होते. प्लास्टिक ना थंड होते ना गरम. वजन असलं की माणूस ईचार करून उचलते. हलकं असलं की कसंबी उचलते.

हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि त्यावर त्याचा खरोखर विश्वास होता.

त्याचा शेवटचा मुद्दा दसऱ्याचा असायचा. “प्लास्टिकची पूजा करते काय कोणी? कुंकू त्याच्यावर टिकत नाही. घरातल्या बादलीले लावते काय कुंकू?”

तेव्हा बसंतीबाई पाण्याची कळशी घेऊन दारातून जात होती. जाता जाता म्हणाली, “लोखंडाले लावतो आपन.”

“पाहा,” हरिसिंग म्हणाला होता. “बाईमानसाले समजते.”

*

एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण हरिसिंग ती प्रत्येकाला सांगायचा, आणि ती न ऐकता तांड्यावरून कोणी गेलेलं नाही.

फौजेतून आल्यावर तो वणीला एका कोळशाच्या ठेकेदाराकडे गनमॅन होता. मालकाच्या गाडीत पुढे बसायचं, मांडीवर रिव्हॉल्वर. २०१७ च्या उन्हाळ्यात भरदुपारी जंगलाच्या वळणावर चार जणांनी गाडीला मोटारसायकल आडवी घातली. तिघांकडे लोखंडी कांबी, एकाकडे गावठी कट्टा. ड्रायव्हर स्टिअरिंगखाली घुसला. मालक मागच्या सीटवर पांघरूण घेतल्यासारखा आडवा झाला. हरिसिंग दार उघडून खाली उतरला, दोन पावलं पुढे गेला आणि कट्टेवाल्याच्या छातीवर रिव्हॉल्वर धरलं. एक अक्षर बोलला नाही. कट्टेवाल्याने त्या नळीकडे पाहिलं, हरिसिंगकडे पाहिलं, आणि चौघे मोटारसायकल सोडून पळसाच्या झाडीत पसार झाले.

“लोखंड पाहून पळाले,” तो म्हणायचा. “प्लास्टिक असतं त हसले असते.”

मालकाने त्याला घड्याळ दिलं होतं. ते बंद पडलं. रिव्हॉल्वर होतं तसंच आहे, असं म्हणून तो गोष्ट संपवायचा.

*

यवतमाळला शामचं दुकान बाजाराच्या मागल्या गल्लीत होतं. बापाच्या वेळेपासून परवान्याच्या हत्यारांची विक्री आणि दुरुस्ती. काचेच्या कपाटात नवी काळी पिस्तुलं ओळीने मांडलेली, खाली रानडुकरं हाकलायच्या छर्‍याच्या बंदुका.

“रामराम, शामभाऊ. चांगलं खेळण्याचं दुकान टाकलं तुमी.”

“काका, जे खपते ते ठेवतो.” शाम चाळिशीचा, चष्मा कपाळावर. “लोकाइले हलकं पाहिजे. तुमच्या त्या जड बैलाने पँट खाली सरकते म्हन्ते.”

“पँट सरकते त पट्टा बांधा म्हनाव. लोखंडाले काहून नावं ठेवता?”

“नावं कोन ठेवते. आना इकडे तुमचा बैल. दाखलाच पाहिजे ना?”

हरिसिंगने पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून रिव्हॉल्वर. काउंटरवर ठेवताना त्याने ते पुष्पाकडे मूठ करून ठेवलं. पुष्पा स्टुलावर बसली होती, दाराकडे तोंड करून. तिने हात लावला नाही.

शामने चक्री बाहेर काढली, रिकामी असल्याचं पाहिलं, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

“नळी त आरशावानी हाय.”

“दर रविवारी हात फिरते,” हरिसिंग म्हणाला. “सत्तावीस वर्षांत एक रविवार चुकला नाही.”

शामने ड्रॉवरमधून पितळेची नकली काडतुसं घेतली, चक्रीत बसवली, चक्री बंद केली आणि रिव्हॉल्वर भिंतीकडे धरून चाप ओढला. चाप अर्ध्यावर येऊन थांबला. त्याने जोर केला. आत काहीतरी कुरकुरलं, आणि चाप तिथेच राहिला, परत जागेवर आला नाही. अंगठ्याने घोडा मागे ओढून पाहिला. घोडा केसभर हलला.

“हे कवा चालवलं होतं तुमी?”

“चालवाची कधी गरजच नाही पडली. नुसतं दाखवलं की काम होते.”

“नाही, रिकामं. रिकामं बी नाही ओढून पाहिलं?”

“रिकामा घोडा पाडू नये. सुई तुटते.”

“हे नकली काडतुसं त्याच्यासाठीच असतात, काका.” शामने चष्मा खाली घेतला. “खोलतो. चालते ना?”

हरिसिंगला नको म्हणायचं होतं. फॅक्टरीत बसवलेले स्क्रू आपण हलवायचे नाहीत हा त्याचा नियम होता. तो चक्री पुसायचा, नळी पुसायचा, मुठीला तेल लावायचा. बाजूच्या झाकणाला त्याने कधी पेचकस लावला नव्हता. पण पुष्पा पाहत होती, म्हणून त्याने मान हलवली.

दोन स्क्रू निघाले, तिसरा तुटला. शामने लाकडी हातोडीने चौकटीवर हलके ठोके दिले आणि झाकण सुटून काउंटरवर पडलं.

आत लालभडक चिखल होता. वाळलेला. कमानीचे दोन तुकडे त्यात रुतले होते, मधमाश्यांच्या पोळ्यात काडी अडकावी तसे. गंज आणि आणखी काहीतरी, पिवळसर, थरावर थर. शामने टोकदार सळईने खरवडून पाहिलं, बोटावर घेतलं, वास घेतला. मग, जसा मिस्त्री बांधकामाची वाळू जिभेला लावतो तसं, जिभेच्या टोकाला लावलं आणि थुंकला.

“खारट हाय. मीठ.” त्याने हरिसिंगकडे पाहिलं. “कुंकू हाय, हळद हाय, नारळाचं पानी असन. पूजेचा एखादा थेंब उतरते, तसे येतात माह्याकडे. पण मीठ कोनी पूजेत टाकत नाही. अन् हे एका खेपेचं नाही. हे घोड्यामागच्या फटीतून ओतलेलं हाय, कितीकदा. कमान तुटून बी धा-बारा वर्षं झाली असतीन.”

“धा-बारा,” हरिसिंग म्हणाला.

“जास्तच. कमी नाही.”

हरिसिंगने बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. जंगलाचं वळण होऊन आठ वर्षं झाली होती. तो गाडीतून उतरला होता, दोन पावलं चालला होता, आणि चार माणसं मूठ लावलेल्या एका फुंकणीला भिऊन पळाली होती. कट्टेवाल्याने आपला कट्टा उचलला असता तर? त्याला असं वाटलं की तो आत्ता, या दुकानात, त्या गाडीतून उतरतो आहे.

“दुरुस्त होते?” त्याने विचारलं.

“चौकटच खाल्ली हाय आतून. करून देतो म्हटलं त मी तुमाले फसवून राह्यलो असं होईन.” शामने तुकडे एका कागदावर गोळा केले. “दाखला नाही देता येत, काका. असं हाय त ठाण्यात जमा करून टाका.”

मग त्याने, चांगुलपणानेच, कपाटाकडे बोट केलं. “ह्यातलं एखादं पाहता का ताईच्या नावावर? मीठ लागलं तरी मूठ सडत नाही.”

पुष्पाने हसू दाबलं नाही. पण ते हसू शामसाठी नव्हतं.

*

परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बापलेक शेजारी बसले. रिव्हॉल्वर पिशवीत, सुटे तुकडे शामने बांधून दिलेल्या कागदाच्या पुडीत. पुष्पा भाजलेले शेंगदाणे खात होती. टरफलं मुठीत जमवत होती.

कळंब मागे पडल्यावर हरिसिंग म्हणाला, “तुले माहीत होतं.”

“हो.”

“कवापासून?”

“पैल्या वर्षापासून. नारळ मी फोडून देत होते याडीले.” याडी म्हणजे आई. “तुमी सोनं लुटाले तांड्याच्या नायकाच्या घरी जात, तवा.”

खिडकीतून तुरीची शेतं मागे पळत होती.

“मंग आज कायले आली?”

“दाखला नाही भेटला की जमा करा लागते. तुमी कोनाचं ऐकून जमा केलं नसतं. दुकानदाराचं ऐकसान म्हनून आले.” तिने एक दाणा सोलला. “दर दसऱ्याले वाटे, आज तरी उघडून पाहतीन. तुमी वरूनच पुसत राह्यले.”

हरिसिंगने पिशवी मांडीवर ओढून घेतली. तिचं वजन तेवढंच होतं. एका तोळ्यानेही कमी झालं नव्हतं. हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

*

बसंतीबाई अंगणात तूर पाखडत होती. दोघं आलेली पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

हरिसिंगने पिशवी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. कागदाची पुडी सोडली. लाल चिखल, कमानीचे तुकडे.

“हे काय हाय?”

“कमान हाय वाटते,” बसंतीबाई म्हणाली. “मले काय समजते त्याच्यातलं.”

“मीठ कोनं टाकलं?”

“म्या टाकलं.” सूप हलत होतं, खडे एका बाजूला जमत होते. “पैल्या वर्षी नुसतं नारळाचं पानी टाकलं. काई झालं नाही. मंग मीठ टाकून पाह्यलं. दरसाल टाकलं. एक साल बी नाही चुकू देल्लं. तुमचा जसा रविवार.”

“त्याच्या भरोशावर मी पाच वर्षं मालकाच्या गाडीत बसलो. वळनावर मेलो असतो मी.”

“हो,” बसंतीबाई म्हणाली.

तिने सुपातले दोन खडे वेचून टाकले.

“हो म्हन्तेस?”

“ते बी मनात आलं होतं. तुमी ते वळनाचं सांगत आले त मले धसकाच बसला. दोन दिवस जेवन गेलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, चालते. पुढच्या दसऱ्याले अखीन टाकलं.”

तांड्यावर कोणाची तरी मोटार पाणी उपसत होती. हरिसिंग ओसरीवरच्या बाजेवर बसला. त्याला ओरडायचं होतं, आणि ओरडायला लागणारी सगळी शब्दसामग्री त्याच्यापाशी होती, अर्ध्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आणि अर्ध्या फौजी हिंदीत. पण ओरडून झाल्यावर हात कुठे न्यायचा हे त्याला कळेना. आजवर तो हात, भांडणात, बाजेच्या उशाकडे जायचा. उशाखाली हत्यार असायचं. तो काही करायचा नाही. नुसता हात तिकडे ठेवायचा, आणि घर गप्प व्हायचं.

चौदा वर्षं त्याने तिकडे हात ठेवला होता आणि त्या दोघी गप्प बसल्या होत्या. मनात हसत बसल्या होत्या की काय, कोण जाणे.

“तुमी म्हन्ता ते खरंच हाय,” बसंतीबाई म्हणाली. आता तिने सूप खाली ठेवलं. “लोखंड बरं. पोरीचं ते प्लास्टिक असतं त मीठ टाकून बी त्याले काई झालं नसतं. मी हात टेकले असते. लोखंड होतं म्हनून जमलं.”

“कायले केलं पन? काय बिघडवलं होतं मी तुमचं?”

बसंतीबाईने पुष्पाकडे पाहिलं. पुष्पा ओसरीच्या कडेला उभी होती. ती वर आली, बाजेवरचा उलटा पडलेला अर्ज उचलला, सुलटा केला आणि वाचू लागली. वारसाच्या सहीची जागा शेवटी होती. तिथे तिने पाहिलंही नाही.

“पेन द्या, बा.”

त्याने खिशातला पेन दिला. वाटलं, सही करते. दाखला नसला तरी सही करते. मोडकं तर मोडकं, नावावर घेते.

पुष्पाने बाजेच्या कडेला बसून अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि रकाना अकरातलं ‘नाही’ एका रेघेने खोडलं. बाजूला लिहिलं, ‘होय’. खोडाखोडीवर सही करायची असते, ती नोकरीतली सवय, म्हणून तिथे आडवी छोटी सही केली. मग ‘असल्यास तपशील’ या ओळीवर पेनचं टोक ठेवलं आणि बापाकडे पाहिलं.

“तुमी लिहिता का मी लिहू?”

हरिसिंगने पेन घेतला नाही. पेन तसाच ओळीवर टेकलेला होता आणि कागदावर शाईचा ठिपका मोठा होत होता.

“उद्या जमा करून येऊ,” पुष्पा म्हणाली. “माह्या सुट्टीचा एक दिवस हाय अजून.”

ती आत गेली. बसंतीबाईने ताटं घेतली. दोन चुलीपाशी ठेवली, एक ओसरीवर आणून ठेवलं. हरिसिंगने ताटाकडे पाहिलं आणि सवयीने उजवा हात उशाकडे नेला. तिथे उशी होती.

*

२०११ साली, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, ठरवलेल्या स्थळाला पुष्पा नाही म्हणाली म्हणून हरिसिंग आडेने ओसरीवर जेवत असलेल्या तिच्या कपाळाला हे रिव्हॉल्वर लावलं होतं, आणि त्यात सहाही गोळ्या होत्या.